सिडकोतला कबड्डी क्लास, सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

मुलगी आठवीत आहे, जूनपासून सिडकोत घराजवळच्या कबड्डी क्लासला जाते. महिना ८०० रुपये, सकाळी साडेपाच ते सात. बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणी विचारतायत म्हणून लिहिते.

पहिला महिना मला वाटलं पैसे पाण्यात गेले, कारण मॅच खेळवतच नव्हते, नुसतं बोनसला पाय कसा टाकायचा, कॉर्नरने घोटा कधी धरायचा, परत परत तेच, आणि एकीचं चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. शेवटी सरांना विचारलंच, तर त्यांनी निक सेबन हे नाव घेतलं. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे माजी कोच, २०२४ ला निवृत्त झाले, म्हणजे हेल्मेट घालून खेळतात तो फुटबॉल. ७ नॅशनल टायटल, एक एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) २००३ च्या सीझनचं आणि ६ अलाबामा युनिव्हर्सिटीला. लहानपणी वडिलांच्या पेट्रोल पंपावर गाड्या धुवायचे, गाडीवर एक डाग राहिला तर वडील अख्खी गाडी परत धुवायला लावायचे. सरांचं 'पहिल्यापासून' कुठून आलं ते तेव्हा कळलं.

१९९८ ला सेबन मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीला होते, टीम साधारणच, आणि मॅच होती ओहायो स्टेटशी, देशात नंबर एक आणि ग्राउंडही त्यांचंच. मिशिगन स्टेटच्याच एका मानसोपचाराच्या प्राध्यापकांनी सुचवलेलं की स्कोअर बघूच नका, एक प्ले, म्हणजे एक चाल, साधारण सात सेकंद चालतो, तेवढाच नीट खेळा, संपला की पुढचा. १५ पॉइंटने मागे पडूनही २८-२४ ने जिंकले. सर म्हणतात त्यांचे सात सेकंद, आपली रेड ३० सेकंदांची, तेवढ्यापुरतं खेळायचं. आता आमची मुलगी गणिताचा पेपर पण असाच सोडवते, एक गणित झालं की मागे वळून बघत नाही, हे मला फार आवडलं.

ऑक्टोबरमध्ये पंचवटीत मॅच होती, हाफ टाइमला सरांनी हिलाच बाहेर बसवलं आणि सातवीतल्या मुलीला रेडला पाठवलं. घरी येईपर्यंत रडत होती, मलाही खूप राग आलेला. दुसऱ्या दिवशी सरांनी तिला सेबनच्या टीममधल्या जेलन हर्ट्सचं सांगितलं. जानेवारी २०१८ ची फायनल, अलाबामा हाफ टाइमला १३-० ने मागे, सेबननी हर्ट्सला बसवून पहिल्या वर्षाच्या टुआला उतरवलं आणि जिंकले. हर्ट्स टीम सोडून गेला नाही, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टुआ जखमी झाला तेव्हा हाच आत गेला आणि मॅच काढून दिली. हे ऐकून आल्यावर पोरगी पाच वाजता आपणहून उठायला लागली, मला हाक मारावी लागत नाही.

तक्रारी पण आहेत. वर शेड नाही, जुलै-ऑगस्टमध्ये निम्मे दिवस सुट्टी आणि फी मात्र पूर्ण. मुलींना कपडे बदलायला जागा नाही, घरूनच तयार होऊन पाठवा. मॅडम आठवड्यातून दोनच दिवस येतात, रोज यायला हव्यात, हे मी सरांना दोनदा सांगितलंय.

आणि लगेच मेडल पाहिजे असेल तर इथे घालू नका. सेबन मायामीला एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या प्रोफेशनल लीगमध्ये, दोन वर्षांत १५ जिंकले १७ हरले, अलाबामाच्या पहिल्या सीझनला ७-६, सर हे आकडे पालकांना ॲडमिशनच्या वेळीच सांगतात. जानेवारीत नवीन बॅच आहे, एक दिवस सकाळी जाऊन नुसतं बघून या, फीचं नंतर बोला.