लायनफिशसाठी आखूड भाला आणि साठवण नळी: घेताना काय तपासावं

फ्लोरिडा आणि बहामाच्या किनाऱ्यावर लायनफिश हा बाहेरून आलेला, विषारी काट्यांचा मासा काढायला उतरणाऱ्या पाणबुड्यांसाठी आखूड पोल स्पिअर (रबराच्या ताणाने सुटणारा हातभाला) आणि मारलेले मासे ठेवायची प्लास्टिकची साठवण नळी ही जोडी भरवशाची आहे. पैसे नळीवर जास्त घाला. भाला साधा असला तरी चालून जातं, पण नळी वाईट निघाली तर काटा थेट हातात घुसतो.

लायनफिश मूळचा हिंद-प्रशांत महासागरातला. फ्लोरिडाजवळ त्याची पहिली नोंद १९८५ची. तिथला कोनी हा लहान गोब्रा ज्या बारक्या माशांवर जगतो, तेच हाही खातो. बहामातल्या एका प्रयोगात त्याने साधारण तेवढ्याच आकाराच्या कोनीपेक्षा प्रवाळावरचे लहान मासे सुमारे अडीच पट जास्त घटवले आणि वाढलाही सहा पटींहून जास्त वेगाने. म्हणून एकेक मासा टिपून काढण्याचं हे चिकाटीचं काम मोलाचं आहे.

भाला दोन ते चार फुटांचा पुरे. लायनफिश सहसा पळत नाही, पिसारा फुलवून जागेवरच थांबतो. रबराचा फास अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात अडकवा, हात दांड्यावर पुढे सरकवून मूठ आवळा, टोक माशापासून वीतभर अंतरावर आणा आणि डोक्याच्या लगेच मागे नेम धरून मूठ सैल करा. टोकाला तीन किंवा जास्त दाते हवेत. एका दात्यावर मासा गरगर फिरतो आणि सुटतो. माशाच्या मागे प्रवाळ असेल तर मारू नका, दाते वाकतात आणि प्रवाळही तुटतं. नेम चुकणं महागात पडतं: वारंवार शिकार होते तिथले लायनफिश बुजरे होऊन कपारीत दडतात.

आता नळी. तोंडाशी आत वळलेल्या प्लास्टिकच्या पाकळ्यांचं नरसाळं असतं, सगळी मदार त्यावर. दांडा आत ढकलला की पाकळ्या सहज वाकल्या पाहिजेत आणि ओढताना दांड्याला घट्ट बिलगल्या पाहिजेत, म्हणजे मासा दात्यांवरून निघून आत राहतो. मासा डोक्याकडूनच घाला, मग काटे मागे मिटतात. शेपटीकडून घातला तर काटे पाकळ्यांत अडकतात आणि मासा भाल्याबरोबर परत बाहेर येतो. दात्यांना मोठे उलटे काटे असतील तरीही तेच होतं. नळीला भोकं भरपूर पण बारीक हवीत. कमी असली तर आतलं पाणी निघत नाही आणि पोहताना ओढ बसते, मोठी असली तर काटे बाहेर डोकावून मांडीला टोचतात. जाळीची पिशवी याच कारणासाठी बाद.

विषारी काटे १८: पाठीवर १३, पोटाकडच्या परांना २, गुदपराला ३. मासा मेल्यावरही ते टोचले तर विष चढतं. साफ करताना आधी कात्रीने ते कापा, मांसात विष नसतं. निओप्रीनचे हातमोजे काटा अडवत नाहीत, भोक न पडणारेच घ्या. टोचलं तर जखम ४५ अंशांपर्यंतच्या गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवा. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. श्वास लागला किंवा सूज वाढत गेली तर थेट दवाखाना.

या जोडीची खरी मर्यादा खोली आहे. हौशी पाणबुडे ४० मीटरपर्यंतच जातात, लायनफिश ३०० मीटरवरही सापडतो. तिथे सापळेच लागतील.