एडिसनमध्ये (न्यू जर्सी, अमेरिका) मागवलेली देवगड हापूसची पेटी: महाग आहे, तरी घ्या

गेल्या शनिवारी ग्रुपवरून मागवलेली पेटी मिळाली, 12 नग, 55 डॉलर. आधी आंब्याचंच सांगते. पेटी उघडली तेव्हा वास फारसा नव्हता, देठाजवळ हिरवट होते, म्हणून पेपरात गुंडाळून तीन दिवस ओट्यावर ठेवले आणि चौथ्या दिवशी सकाळी अख्खं किचन घमघमलं. 12 पैकी 10 एक नंबर, दोघांत साका (आतला गर पांढरट, खराब) निघाला. साका वरून कळत नाही त्यामुळे विकणाऱ्याला दोष देणार नाही, आणि त्याने फोटो बघून न मागता दोन आंब्यांचे पैसे परत पाठवले.

पेटीवर इरॅडिएशनचा (किरणांच्या प्रक्रियेचा) हिरवा गोल शिक्का असतो, तो बघून काहीजण घाबरतात. घाबरू नका, फळमाशी आणि कोयीतला भुंगा इकडे येऊ नये म्हणून वाशी किंवा लासलगावच्या केंद्रात आंब्याला गॅमा किरणांचा किमान 400 ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) डोस देतात, चवीत मला तरी काही फरक लागला नाही.

पण त्या शिक्क्यापायीच 2020 आणि 2021 असे दोन सीझन इकडे एकही पेटी आली नव्हती! 2007 पासून अट अशी होती की हे काम चालू असताना अमेरिकेच्या कृषी खात्याचा इन्स्पेक्टर तिथे हजर पाहिजे. मार्च 2020 ला कोरोनामुळे विमानं बंद झाली, प्रवासावर बंदी आली, इन्स्पेक्टर येऊ शकला नाही आणि निर्यात शून्यावर. त्याआधीच्या वर्षात 1095 टन आंबा गेला होता. मशीन जागेवर, झाडं लगडलेली, इथे आम्ही पैसे घेऊन तयार. माझ्या मामाची देवगडला कलमं आहेत, तेव्हा फोनवर तो म्हणाला होता, "आंबो आसा, गिरायक आसा, पण शिक्को मारूचो सायब येऊक नाय." त्यात मे महिन्यात वाशीचं मार्केटही आठवडाभर बंद होतं, शेवटी मामाने टेम्पो करून पुण्यातल्या सोसायट्यांच्या गेटवर पेट्या विकल्या आणि बारीक फळ मिळेल त्या भावाने कॅनिंगला दिलं.

प्रवासबंदी चुकीची होती असं मी अजिबात म्हणत नाही, माणसं मरत होती. पण जानेवारी 2022 मध्ये दोन्ही देशांचा करार जाहीर झाला, देखरेख टप्प्याटप्प्याने भारतीय अधिकाऱ्यांकडे द्यायचं ठरलं (बदल्यात अमेरिकन चेरी आणि अल्फाल्फा चाऱ्याला भारताचं दार उघडलं) आणि त्याच उन्हाळ्यात 813 टन आंबा इकडे आला. म्हणजे तोडगा कागदावरचाच होता ना, मग तो पहिल्याच पावसाळ्यात बसून का नाही काढला? आजार माणसांचा, नियम किड्यांचा, आणि भोगलं बागायतदाराने. याचा मला अजून राग येतो. 2023 च्या एप्रिल ते ऑगस्टमध्ये तर 2000 टनांच्या वर माल आला, अर्थात त्यात केसर, बैंगनपल्ली सगळं धरून.

किंमतीचं म्हणाल तर 55 डॉलर जास्तच आहेत, पण त्यातला मोठा भाग विमानाचं भाडं आहे, बागेत त्यातलं थोडंच पोचतं. मेक्सिकोचा आंबा यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो आणि रोजच्या मिल्कशेकला आम्ही तोच आणतो. आमरसाला मात्र हापूसच.

5 पैकी 4. एक कापला साक्यासाठी नाही, पिकअपसाठी: पार्किंगमध्ये उन्हात पाऊण तास रांग होती, पेट्याही उन्हातच ठेवलेल्या, तिथे निदान एक ताडपत्री तरी बांधा. मागवणार असाल तर मेच्या दुसऱ्या आठवड्यातला लॉट सांगा, आणि घरी आणल्या आणल्या फ्रीजमध्ये टाकू नका, आधी पिकू द्या.