लिखित साधनांचा ऑनलाइन कोर्स: धडे उत्तम, चाचणी वैताग

प्राचीन भारताच्या लिखित साधनांवरच्या या कोर्सचे पैसे नाशिकच्या एका धड्यातच वसूल झाले. पांडवलेण्यांतल्या 3 क्रमांकाच्या लेण्यात बलश्रीचा लेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात या शक घराण्याचा निर्वंश केला, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, वगैरे. शिकवणाऱ्या बाई एवढंच विचारतात: हे सांगतंय कोण? त्याची आई! तेही नातू पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षी.

मग येतो जोगळटेंभीचा साठा. 1906 साली सापडलेली क्षहरात राजा नहपानाची 13 हजारांवर चांदीची नाणी, आणि त्यांतल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने पुन्हा आपला छाप मारलेला. म्हणजे आईचं कौतुक इथे तरी हवेतलं नाही. तोवर गिरनारच्या खडकावरून शक राजा रुद्रदामन सांगतो, सातकर्णी नावाच्या सातवाहन राजाला दोनदा हरवलं आणि जवळचं नातं म्हणून सोडून दिलं. सातवाहनांच्या लेखांत याबद्दल चकार शब्द नाही. कोण कोरून ठेवील?

लेखाचा ठसा (दगडावर कागद दाबून घेतलेली छाप) मोठा करून दाखवलाय तो भाग सावकाश बघा. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, आणि अक्षरावरचं टिंब अनुस्वाराचं की दगडाचा टवका उडालाय, यावर बाई बराच वेळ घालवतात. काहींना कंटाळा येईल, मी तर रमलो.

पुराणं मात्र उरकलीत. आंध्र (म्हणजे सातवाहन) राजे कुठे 30, कुठे 19, हा घोळ दाखवला आणि पुढे पळाले. नकला करताना पोथ्यांत काय काय शिरलं, ते यायला हवं होतं. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारातला ग्रीक वकील मेगॅस्थेनिस, त्याचा मूळ ग्रंथच हरवलाय, आपल्या हाती आहेत ते स्ट्रॅबो, एरियन वगैरे नंतरच्या ग्रीक लेखकांनी दिलेले उतारे, हेही जाता जाता.

डोकं फिरलं ते चाचणीत. ‘गौतमीपुत्र कोणत्या साली गादीवर आला?’ चार पर्याय, एकच बरोबर. अहो, त्याच्या लेखांत नुसतं राज्यवर्ष असतं, संवत नसतो, हे तुम्हीच शिकवलंत ना? ‘निश्चित सांगता येत नाही’ हा पर्यायच नाही. कळवलंय, अजून उत्तर नाही.

ठसे मोबाइलवर नीट दिसत नाहीत, लॅपटॉप घ्या. ब्राह्मी लिपीचा तक्ता शेवटच्या धड्याखाली ठेवलाय (का, ते त्यांनाच ठाऊक), तो आधी उतरवून घ्या. पाचपैकी चार तारे.