चंदेरी छत्री : नागपूरच्या दुपारी चालणाऱ्यांसाठी

ही छत्री मी पावसासाठी घेतलीच नाही. उन्हासाठी घेतली, तीही कार्यालयातल्या जेवणाच्या सुट्टीत चालता यावं म्हणून. वर्षभर रोज हातात असल्यावर आता तिच्याबद्दल नीट लिहिता येईल असं वाटतं.

मी सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात लेखा शाखेत आहे. आमची जेवणाची सुट्टी अर्धा तास, दुपारी १ ते २ च्या दरम्यान. २०१९ चं परिपत्रकच तसं आहे. डबा दहा-बारा मिनिटांत होतो. उरलेला वेळ बरेच जण मोबाइलवर घालवतात, मी बाहेर पडते. कारण साधं आहे. २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा झाला आणि कामाची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा झाली. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे बाहेर पडेस्तोवर अंधार. दिवसाच्या उजेडात पाय मोकळे करायचे तर दुपारशिवाय वेळच उरत नाही. त्यात माझ्या बाबांना मधुमेह. जेवल्यावर थोडं चाललं की रक्तातली साखर एकदम चढत नाही, हे त्यांच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर त्यांना इतक्या वेळा सांगितलं की ते मीच मनावर घेतलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. रोजची पंधरा-सतरा मिनिटं धरली तर त्यातला अर्ध्याहून जास्त हिस्सा डब्याच्या सुट्टीतच पुरा होतो.

अडचण एकच, ऊन. नागपुरात ते फक्त मे महिन्यात असतं असं समजू नका. ऑक्टोबरचं ऊन डोक्यात जातं, फेब्रुवारी संपत आला की चटका सुरू होतो. आधी मी पांढरा दुपट्टा बांधून जायची. लूमध्ये कान झाकायला दुपट्ट्यासारखं दुसरं काही नाही, पण भरभर चालायला लागलं की त्याच्या आत घाम जिरतो आणि टेबलावर परत बसल्यावर कपाळ ओलं. टोपीने चेहरा वाचतो, मान आणि खांदे भाजतात. छत्रीचं वेगळं आहे. तिच्यात आणि डोक्यात हवा खेळती राहते आणि सावली आपल्यासोबत चालते.

आता वस्तूबद्दल. लांब दांड्याची, आठ काड्यांची, खटका दाबला की उघडणारी छत्री आहे. बाहेरून चंदेरी, आतून काळी. बर्डीच्या मेन रोडवर ५२० रुपयांना घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असाच माल वेगवेगळ्या नावांनी मिळतो आणि पाहायचं ते कापड अन् काड्या. उघडल्यावर माझे दोन्ही खांदे आणि खांद्यावरची पर्स सावलीत येते. घडीची छत्री पर्समध्ये मावते हे खरं, पण तिची सावली आखूड, आणि रोज उघड-मीट केली की सांधे ढिले होतात. चालायला जाणाऱ्याने लांब दांड्याचीच घ्यावी, याबद्दल माझं मत पक्कं आहे.

आतला काळा रंग दिसायला उदास वाटतो, म्हणून दुकानात बायका आतून फुलाफुलांची छत्री मागतात. घेऊ नका. डांबरी रस्त्यावरून आणि सिमेंटच्या फुटपाथवरून वर येणारा उजेड फिक्या रंगावर आदळून पुन्हा आपल्याच चेहऱ्यावर येतो. काळा रंग तो गिळून टाकतो. डोळ्यांना पडलेला फरक मला पहिल्याच दुपारी जाणवला, भुवया आकसून चालावं लागलं नाही. बाहेरचा चंदेरी थर ऊन परतवतो, त्यामुळे कापड स्वतः फारसं तापत नाही. साध्या काळ्या छत्रीखाली थोड्या वेळाने कापडाचीच धग डोक्याला लागते, ती इथे कमी आहे.

कापडाची पारख दुकानातच करा. छत्री उघडा, मोबाइलची टॉर्च बाहेरून कापडाला लावा आणि आतून पाहा. ठिपक्या-ठिपक्यांनी उजेड आत आला तर थर पातळ आहे. विशेषतः घड्यांच्या रेषेवर आणि शेंड्याजवळच्या शिलाईवर पाहा, थर सगळ्यात आधी तिथेच उडतो. लेबलवर यूपीएफ ५० प्लस लिहिलं असेल तर त्याचा अर्थ अतिनील किरणांचा पन्नासावा भाग किंवा त्याहून कमी कापडातून आत येतो. पण हे फक्त कापडापुरतं. आकाशातून बाजूने येणारा आणि जमिनीवरून परतणारा भाग छत्री अडवत नाही. म्हणून लांब बाह्यांचा सुती कुर्ता मी सोडलेला नाही.

छत्री कशी धरायची हेही ऋतूप्रमाणे बदलतं. नागपूर २१ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या खाली. त्यामुळे सूर्य आपल्या अगदी डोक्यावरून वर्षातून दोनदा जातो, एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर. जुलैत ढगांमुळे कळत नाही. मेमध्ये मात्र खांबाची सावली खांबाच्या पायाशीच गोळा होते, तेव्हा छत्री सरळ धरली की पुरतं. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि नागपूर त्याच्या पश्चिमेला, ७९ अंशांवर, म्हणून इथली खरी दुपार घड्याळातले १२ वाजून गेल्यावर होते आणि आमची सुट्टी ऐन माथ्यावरच्या उन्हात येते. डिसेंबरात तेच ऊन दक्षिणेकडून, ४५ अंशांच्या आसपास कलून येतं. दक्षिणेकडे तोंड करून चालताना छत्री पुढे झुकवावी लागते, परतताना खांद्यावर मागे टेकवली की हाताला आराम. लांब दांड्याचा खरा फायदा इथे कळतो. घडीच्या छत्रीला असं टेकवता येत नाही.

माझा रस्ता ठरलेला आहे. कार्यालयातून विधान भवनाच्या बाजूने, पुढे झिरो माइलपर्यंत आणि मागे. सिव्हिल लाइन्सचं मोठं देणं म्हणजे इथली जुनी झाडं. चिंच, कडुनिंब, पिंपळ यांच्या खाली आलं की मी छत्री मिटते, उघड्यावर आलं की खटका दाबते. कडुनिंबाचं मला विशेष कौतुक वाटतं. उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळतो आणि ऊन वाढेस्तोवर नवी पालवी घेऊन उभा राहतो, नेमकी आपल्याला सावली हवी तेव्हा. रस्तारुंदीत असं एखादं झाड गेलं की त्या टप्प्याला नव्याने ऊन लागतं, आणि पायी चालणाऱ्याला ते गाडीत बसणाऱ्याच्या कितीतरी आधी कळतं. शहरातले चौक सुशोभित करायला पैसा मिळतो, तसा फुटपाथवरच्या सावलीसाठीही मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

हिवाळी अधिवेशन सुरू झालं की हा रस्ता बंदच समजा. बॅरिकेड, बंदोबस्त, मोर्चे. त्या दिवसांत मी जीपीओच्या बाजूला वळते. गर्दीत उघडी छत्री घेऊन शिरू नये, काड्यांची टोकं बरोबर दुसऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर येतात.

सुरुवातीला गेटवरचे भाऊ रोज विचारायचे, "ताई, पाऊस कुठं येऊन राहिला? छत्री काहून घेतली?" मी एकदा त्यांनाच छत्रीखाली घेतलं आणि गेटपासून समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत चालवलं. परत आल्यावर म्हणाले, "खरंच हो, डोकं तापलं नाही." आता त्यांनी स्वतःसाठी मोठी काळी छत्री आणली आहे आणि दुपारी खुर्चीच्या पाठीला बांधून बसतात. आमच्या शाखेतले वरिष्ठ लेखापाल मात्र अजून तयार नाहीत. पुरुषाने उन्हात छत्री घेणं त्यांना बरं वाटत नाही. मला हे पटत नाही. खेड्यात उन्हात बाजाराला निघालेल्या आजोबांच्या हातात काळी छत्री मी लहानपणापासून पाहिली आहे. शहरात येऊन ती लाजेची गोष्ट का व्हावी?

छत्रीचं जितकं कौतुक केलं तितकीच तिची मर्यादाही सांगायला हवी, कारण तिच्या भरवशावर कुणी मेच्या दुपारी चालायला निघू नये. हवामान खातं जे तापमान सांगतं ते सावलीतलं असतं, जाळीच्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचं. म्हणजे ४४ अंश सांगितले तर छत्रीखालीही ४४ च. छत्री वरून येणारं ऊन अडवते, हवा थंड करत नाही. आपल्या त्वचेपेक्षा हवा तापलेली असली की वाऱ्याची झुळूकही शरीरात उष्णता भरते. वर आपला उन्हाळा कोरडा, घाम अंगावर दिसायच्या आधीच उडून जातो आणि पाणी कमी झाल्याचं कळत नाही. याच शहराने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश पाहिले आहेत.

म्हणून मी माझ्यापुरता नियम केला आहे. ऑक्टोबर ते मार्च छत्री घेऊन बिनधास्त. एप्रिलमध्ये अंदाज पाहून, तापमान ४० अंशांच्या आत असेल तर अर्धाच फेरा आणि निघण्याआधी पेलाभर ताक. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिलेला असेल, किंवा गरम वारा सुटलेला असेल, तर बाहेर नाहीच. आमच्या इमारतीला लांब व्हरांडा आहे, दगडी भिंतींचा आणि उंच छताचा. त्या दिवसांत तिथेच चकरा. मी आताशा एकटी नसते, दोन-तीन जणी सोबत येतात.

पावसाळ्यात ही छत्री कशी? बरी. भुरभुर पावसाला आणि सरळ पडणाऱ्या सरीला चालते. पण चंदेरी थराचं कापड ओलं झालं की चिकटतं आणि तसंच मिटून ठेवलं तर घड्यांवर थर उडतो. माझ्या छत्रीच्या दोन घड्यांवर तो उडालाच आहे, टॉर्च लावली की बारीक रेघ दिसते. तेव्हापासून ओली छत्री कार्यालयात अर्धवट उघडी ठेवून वाळवते. वाऱ्याबद्दल तक्रार नाही. झिरो माइलजवळ बाजूने भरधाव बस गेली की घडीची छत्री पालथी व्हायची, ही होत नाही. काड्या फायबरच्या आहेत, वाकतात आणि परत येतात, गंजण्याचा प्रश्नही नाही. लोखंडी काड्यांची घेऊ नका.

मुठीचा मात्र मला त्रास झाला. गुळगुळीत प्लास्टिकची आहे, घामेजल्या हातात फिरते आणि आतला स्क्रू दोन-तीन महिन्यांतच ढिला झाला. दुकानात परत नेली तर बदलून देत नाहीत म्हणाले. गोकुळपेठ बाजारात पावसाळ्याच्या तोंडावर छत्री दुरुस्त करणारे काका बसतात, त्यांनी स्क्रू बसवला आणि मुठीवर सायकलच्या हँडलचं जुनं रबरी कव्हर चढवून दिलं. ४० रुपये घेतले. आता पकड अशी आहे की मूळ मुठीपेक्षा हीच कंपनीने द्यायला हवी होती. काकांनी आणखी एक सांगितलं. काड्यांच्या टोकांना कापड शिवलेलं असतं तिथला दोरा आधी तुटतो. नवी छत्री घेतली की त्या आठही टोकांवर घरीच दोन-दोन टाके जास्तीचे घालून घ्यावेत. मी घातले.

कुणी घ्यावी? ज्यांचं कार्यालय झाडं असलेल्या भागात आहे, दुपारी थोडा वेळ मोकळा मिळतो आणि ऊन पाहून खिडकीतूनच परत फिरावं लागतं, त्यांनी जरूर. दुचाकीवरून फिरणाऱ्यांना उपयोग नाही. ज्यांना दोन्ही हात मोकळे हवेत, काठी घेऊन चालतात किंवा लेकराचा हात धरून असतात, त्यांना रुंद काठाची सुती टोपी आणि दुपट्टा हेच बरं. माझ्या बाबांसाठी मी याच मापाची दुसरी घेते आहे, फक्त मूठ लाकडी पाहून. दुकानदार म्हणाला लाकडी मुठीची ६८० ला पडेल, पुढच्या आठवड्यात माल येतो आहे.