फिश ऑइलच्या सॉफ्टजेल कॅप्सूल: माल चांगला, पण उन्हाळ्यात कुरिअरने मागवू नका

पाचपैकी तीन स्टार. दोन का कापले ते नीट सांगते, कारण आमच्या खानदेश-विदर्भाच्या उन्हात राहणाऱ्यांना हे आधी माहीत असायला हवं.

सासऱ्यांसाठी डॉक्टरांना विचारून मागवल्या होत्या. पार्सल मे महिन्यात आलं, बाटली हलवली तर खुळखुळ आवाजच नाही! झाकण उघडलं तर सगळ्या कॅप्सूल एकमेकींना चिकटून एकच ढेकूळ, काही फुटलेल्या आणि तेल बुडाशी साचलेलं, वर तो उग्र खवट वास. कंपनीने पैसे परत केले पण म्हणे थोडं चिकटणं नॉर्मल आहे. अहो, थोडं चिकटलं आणि हलवून सुटलं तर ठीक, गळणारी कॅप्सूल नॉर्मल कशी? सॉफ्टजेलचं कवच म्हणजे जिलेटिन, ग्लिसरीन आणि पाणी, ते उष्णतेने आणि दमट हवेने मऊ पडतं. लेबलवर ३० डिग्रीच्या खाली ठेवा लिहायचं आणि पार्सल दुपारभर तापलेल्या गाडीत फिरवायचं, याला काय अर्थ आहे.

मग तोच ब्रँड एसी असलेल्या मेडिकलमधून घेतला तर मस्त निघाला. कॅप्सूल सुट्या सुट्या, काचेसारख्या स्वच्छ. एक सुईने टोचून वाटीत तेल काढलं, फिकट पिवळं आणि माशाचा हलका वास, खवटपणा अजिबात नाही. तेलकट गोष्टींना सॉफ्टजेल खरंच चांगली, तेलाला हवा लागत नाही, चव जिभेवर येत नाही. जेवणासोबत घेतली की माशाचे ढेकरही कमी येतात. फक्त आकार मोठा आहे, ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना आणि लहान मुलांना अशी देऊ नका.

आता लेबल बघा प्लीज. पुढे मोठ्ठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम लिहिलंय ते फिश ऑइल, त्यातलं ईपीए १८० आणि डीएचए १२० (हे दोन ओमेगा-३ चे प्रकार), म्हणजे कामाचं ओमेगा-३ ३००च. हे आकडे मागे बारीक अक्षरात असतात, दोन ब्रँडची किंमत लावताना हेच बघायचं.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका. कॉड लिव्हर ऑइल वेगळं असतं हं, त्यात व्हिटॅमिन ए असतं, त्यामुळे गरोदर बायकांनी मनाने अजिबात नको. आणि व्हिटॅमिन डी-३ ची ६०,००० युनिटची कॅप्सूल, ती पण सॉफ्टजेलच, साधारण आठवड्याला एक अशी देतात, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या रोजच्या गोळ्यांच्या डबीत ती चुकूनसुद्धा टाकू नका. रोज गेली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, किडनीपर्यंत जातं.

ठेवायचं कसं, तर मूळ बाटलीतच, आतली सिलिका जेलची पुडी फेकू नका, गॅसच्या ओट्याजवळ नको आणि ओल्या हाताने काढू नका.

शाकाहारी लोकांसाठी: जिलेटिन हे जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं, गाय, डुक्कर किंवा मासा. सप्लिमेंटच्या पाकिटावर मांसाहाराची तपकिरी खूण असते पण औषध म्हणून विकतात त्यावर बहुतेक वेळा काहीच नसतं, म्हणून काउंटरवर स्पष्ट विचारा. माळकरी किंवा जैन घरात ओमेगा-३ हवंच असेल तर शेवाळापासून काढलेलं डीएचए मिळतं, त्याचं कवच जिलेटिनचं नाही ना एवढं बघून घ्या, किंमत मात्र जास्त पडते.

मार्च ते जून दुकानातून घ्या, झाकण काउंटरवरच उघडून बघा, चिकटलेली असेल तर तिथेच परत करा.