ऑइल काळं पडलं म्हणून घाबरू नका: जुन्या डिझेल पिकअपमधला ११ महिन्यांचा अनुभव

माझी पिकअप २०११ ची, बीएस-३ म्हणजे धुराच्या जुन्या नियमांतली, डिझेल. निफाडहून टोमॅटो भरून पिंपळगाव बसवंतला, आणि आठवड्यातून एक-दोनदा कसारा घाट उतरून वाशीला. मार्केटच्या रांगेत इंजिन तासतासभर नुसतं आयडलवर घुरघुरत असतं. अशा वेळी डिझेल नीट जळत नाही, काजळी वाढते आणि पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं खाली इंजिन ऑइलमध्ये उतरते.

आधी चार-पाच वर्षं मी बॅरलमधलं सुटं ऑइल टाकायचो. स्वस्त पडायचं, आणि दोन हजार किलोमीटरनंतरही ऑइल मोजायच्या दांडीवर तपकिरीच दिसायचं. मी ते कौतुकानं लोकांना दाखवायचो. गेल्या वर्षी टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गळायला लागलं म्हणून कव्हर उघडलं. आत रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्यांच्या) कोपऱ्यांत काळा चिकटा बसलेला, बोटानं खरवडला तर डांबरासारखा नखाखाली अडकला. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, ऑइल स्वच्छ राहिलं, कारण घाण त्यानं इथंच टाकली."

त्या दिवशी १५डब्ल्यू-४० (ही ऑइलची जाडी) सीआय-४ प्लस (हा डिझेल इंजिनाच्या ऑइलचा दर्जा) ग्रेडचा सीलबंद कॅन आणला. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. मला जो फरक पडला तो डब्यावरच्या ग्रेडचा. तेव्हापासून १८ हजार किलोमीटर झाले.

पहिल्या पाचशे किलोमीटरमध्येच ऑइल काळंकुट्ट. खरं सांगतो, पोटात गोळा आला. पण ते त्याचं कामच होतं. डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये दोन वेगळी रसायनं असतात आणि आपण दोन्हींना मिळून डिटर्जंट म्हणतो. खरं डिटर्जंट म्हणजे बहुतेक वेळा कॅल्शियमचे किंवा मॅग्नेशियमचे क्षार. ते पिस्टनच्या खाचांमध्ये लाखेसारखा थर बसू देत नाहीत आणि डिझेलमधल्या गंधकापासून तयार होणारं आम्ल मारतात. ही आम्ल मारायची ताकद म्हणजे टीबीएन. नव्या डिझेल ऑइलचा टीबीएन साधारण १० च्या आसपास असतो आणि वापरात तो उतरत जातो. दुसरं रसायन डिस्पर्संट. ते काजळीचे कण एकमेकांना चिकटू देत नाही. सुटा कण इतका बारीक की फिल्टरमधून सहज निघून जातो, फारसं नुकसानही करत नाही. त्यांचे गोळे झाले की मात्र ते कॅम आणि टॅपेटवरचा संरक्षक थर खरवडत राहतात.

दीड हजारावर फक्त फिल्टर बदलला. जुना फिल्टर करवतीनं कापून पाहिला: कागदाच्या घड्यांमध्ये ओल्या काजळासारखा गाळ आणि दोन-तीन बारीक कडक तुकडे. वर्षानुवर्षं बसलेला थर सुटतो तो असा. जुन्या इंजिनात चांगलं ऑइल पहिल्यांदा टाकणाऱ्यानं हा फिल्टर लवकर बदलावाच. इंजिन आतून धुवायचं फ्लशिंग ऑइल मी टाळलं, एकदम सुटलेली घाण खालच्या ऑइल चेंबरच्या जाळीत अडकली तर ऑइल वर चढणार कसं?

दर हजार किलोमीटरला गरम ऑइलचा एक थेंब टीपकागदावर टाकतो आणि रात्रभर ठेवतो. डाग राखाडी होऊन बाहेरपर्यंत सारखा पसरला, तर ऑइल काजळी धरून आहे. मध्ये काळा ठिपका गोठून कडेला नुसतं पिवळट तेल पसरलं, तर त्याची ताकद संपली. आधीचं सुटं ऑइल दोन हजाराला काढून बाटलीत ठेवलं होतं, ते तपासलं तेव्हा असाच ठिपका पडला. या ऑइलचा डाग साडेचार हजारापर्यंत छान पसरतो, म्हणून मी पाच हजाराला बदलतो.

पूर्वी तीन हजारात एक लिटर ऑइल वरून घालावं लागे, आता अर्धा लिटरही लागत नाही; चिकटलेल्या रिंगा मोकळ्या झाल्या असाव्यात. ॲव्हरेज तेवढंच आहे आणि थंडीतल्या सकाळचा खडखडाटही तसाच. झिजलेलं लोखंड ऑइलनं परत येत नाही. धुळीनं होणारी झीजही डिटर्जंट थांबवत नाही, तिथं एअर फिल्टरच पाहिजे. आमच्या कच्च्या रस्त्यांवर तो मी दर पंधरवड्याला झटकतो.

मध्येच हुरूप येऊन वेगळी डिटर्जंटची बाटली घालायचं मनात होतं. मिस्त्रींनी थांबवलं, बरं केलं. झीज थांबवणारं मुख्य द्रव्य झिंकचं असतं, आणि डिटर्जंटही त्याच धातूच्या पृष्ठभागावर जागा मागतं. प्रमाण बिघडलं तर झिंकचा थर नीट बसत नाही. शिवाय हे क्षार जळाले की राख उरते.

चुलतभावाच्या बीएस-६ गाडीत माझा उरलेला कॅन ओतायचा बेत होता, तो मी हाणून पाडला. त्याच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडकवणारा फिल्टर, आहे. त्यातली काजळी जळून जाते, राख मात्र तिथंच साठते. एप्रिल २०२० पासून डिझेलमध्ये गंधक जेमतेम १० पीपीएम (दहा लाखात दहा भाग) असतं, बीएस-३ च्या काळी ३५० पर्यंत चालायचं. त्यामुळे त्याला तेवढ्या टीबीएनची गरजही नाही. त्याच्या मॅन्युअलमध्ये कमी राखेचं ऑइल लिहिलंय, तेच घालायला लावलं.

परवा टॅपेट कव्हर पुन्हा उघडलं. कोपऱ्यांत अजून पातळ काळपट थर आहे, पण रॉकरचं लोखंड दिसतंय.