फेअरफील्डचे सेंट थॉमस बेकेट चर्च: वाट वाकडी करण्याजोगे

इंग्लंडच्या केंट परगण्यात ब्रूकलंडहून ॲपलडोरकडे जाताना रॉमनी मार्श हा सपाट, पाणथळ मुलूख लागतो. मेंढ्या आणि वारा यांपलीकडे येथे पाहण्याजोगे काही असेल, या अपेक्षेने आम्ही त्या रस्त्याला लागलोच नव्हतो. पण कुरणाच्या मधोमध एकटेच उभे असलेले विटांचे बसके चर्च दिसले आणि गाडी आपसूक थांबली. भोवती गाव असे नाहीच, केवळ गवत आणि पाण्याचे चर. गवताळ बांधावरून तेथपर्यंत चालत जाता येते. हा बांध विसाव्या शतकाच्या आरंभी घातला गेला, त्याआधी पूर आला की लोक घोड्यावरून किंवा होडीतून प्रार्थनेला येत.

बाहेरून हे चर्च अगदीच साधे असून ते पाहून परत फिरणारेही असतील, पण त्यांचे नुकसान मोठे आहे. मूळ बांधणी मध्ययुगीन लाकडी सांगाड्याची. अठराव्या शतकात तिच्याभोवती विटांच्या भिंती आल्या आणि १९१२-१३ मध्ये वास्तुविशारद डब्ल्यू. डी. कारो यांनी जुने लाकूड जपून तिचा जीर्णोद्धार केला. आत शिरताच डोक्यावर येतात त्या जाडजूड, किंचित वाकलेल्या तुळया. आपल्याकडच्या जुन्या वाड्याचे माजघर पाहिलेल्याला त्या परक्या वाटणार नाहीत. त्यांच्याखाली पांढऱ्या रंगाची, काळ्या कडांची, दारे असलेली बंदिस्त बाके आहेत. एकोणिसाव्या शतकात नूतनीकरणाच्या उत्साहात इंग्लंडमधील असंख्य चर्चांतून अशी बाके उखडून टाकण्यात आली, ती येथे मात्र टिकली. त्याहून दुर्मिळ म्हणजे तिमजली व्यासपीठ: सर्वांत खाली पाद्र्याला प्रार्थनेत साथ देणाऱ्या चर्चच्या कारकुनाची जागा, मध्ये प्रार्थना वाचण्याची आणि वर प्रवचनाची. बाप्तिस्म्याचे दगडी पात्र सात बाजूंचे आहे. असे पात्र सहसा अष्टकोनी असते, त्यामुळे नकळत बाजू पुन्हा मोजल्या जातात.

दार बंद असल्यास निराश होऊ नये, कारण किल्ली जवळच्याच एका घराबाहेर टांगून ठेवण्याची येथे जुनी रीत आहे. इतक्या मौल्यवान वास्तूची किल्ली येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती देण्याचा हा विश्वास मला तरी त्या तुळयांइतकाच पाहण्यासारखा वाटला. चहापाण्याची सोय शोधू नये. बुटांची फार काळजी असणाऱ्यांनी कोरडा दिवस निवडावा, कारण पायवाटेवर चिखल असतो आणि मेंढ्यांच्या लेंड्याही.

येथे अर्धा तास पुरतो. उरलेल्या वेळात ब्रूकलंडचे सेंट ऑगस्टिन चर्च अवश्य पाहावे: त्याचा लाकडी घंटामनोरा चर्चच्या माथ्यावर नसून शेजारी जमिनीवर उभा आहे, आणि आतल्या बाराव्या शतकातील बाप्तिस्म्याच्या शिशाच्या पात्रावर बारा राशी व त्यांच्याखाली त्या त्या महिन्यातील कामे उठावात घडवलेली आहेत.